पौंडाचा भाव, बाराचा भाव

अमेरिकेतल्या बंदुकांच्या दुकानात एखाद्या भिंतीवर प्लास्टिकच्या डब्यांची लांबलचक रांग असते. प्रत्येक डब्यात बहुधा एक पौंड धूरविरहित दारू, डब्यावर कंपनीचे नाव, एखादा चार आकडी क्रमांक किंवा रंगावरून पडलेले नाव, आणि खाली किमतीची चिठ्ठी. घरच्या घरी रायफलची काडतुसे भरणारा हौशी नेमबाज या भिंतीसमोर उभा राहिला की त्याची नजर आधी त्या चिठ्ठीवर जाते. त्याची गोळी स्वतः ओतलेली, शिशाची असेल तर ती चिठ्ठी त्याला फसवते, असे माझे म्हणणे आहे. त्याला जो भाव द्यावा लागतो तो एका बाराचा, आणि पौंडाला महाग दिसणारी दारू बाराच्या हिशेबात सर्वांत स्वस्त ठरते, असे शिशाच्या गोळीच्या बाबतीत वारंवार घडते.

हा छंद आपल्याकडे जवळजवळ अपरिचित आहे आणि त्याचे कारण सरळ आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार भारतात दारूगोळा बनवायला परवाना लागतो. आपल्या ओळखीची काडतुसे जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या किंवा पुण्याजवळच्या खडकीच्या सरकारी कारखान्यांत तयार होतात, आणि भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरला दारूच तयार होते. अमेरिकेत मात्र स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरणे कायदेशीर आहे आणि या छंदाला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला, ठिणगी देणारा प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. यांतली पितळी पुंगळी सगळ्यांत महाग, पण ती बार झाल्यावर हातात उरते. तिला पुन्हा मापात दाबायचे, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून ओतायची आणि गोळी बसवायची, की काडतूस तयार. गोळीही घरीच ओतली, तर विकत घ्यायचे राहतात फक्त प्रायमर आणि दारू. काटकसरी माणसाची सगळी अक्कल मग या दोन वस्तूंवर एकवटते. (ऑलिंपिकच्या छोट्या .२२ रायफलीचे काडतूस मात्र कोणी पुन्हा भरत नाही, कारण तिथे प्रायमरचे रसायन पुंगळीच्या काठातच बसवलेले असते. स्वप्नील कुसळेने पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवले ते याच प्रकारच्या काडतुसांनी.)

आधी हिशेब मांडू. दारू ‘ग्रेन’ या मापाने तोलतात. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. एक ग्रेन म्हणजे ग्रॅमचा पंधरावा भाग, त्याहूनही किंचित कमी. .३०-०६ हे अमेरिकेचे जुने लष्करी काडतूस घेऊ. तांब्याचे कवच असलेली गोळी पूर्ण वेगाने उडवायची तर त्यात हळू जळणारी दारू अंदाजे ५० ग्रेन जाते. म्हणजे एका पौंडात १४० बार. शिशाच्या गोळीसाठी झटपट जळणारी दारू समजा १२ ग्रेन लागली, तर त्याच पौंडात ५८३ बार होतात. दोन्ही डबे ४० डॉलरला आहेत असे धरले, तर पहिल्या प्रकारात एका बाराची दारू साडेअठ्ठावीस सेंटला पडते, दुसऱ्यात सात सेंटलाही नाही. झटपट दारूचा डबा दहा डॉलरने महाग असला तरी बार नऊ सेंटच्या आतच राहतो. एक गोष्ट इथेच बजावून ठेवायला हवी: हे आकडे भावाचा हिशेब समजावण्यासाठी आहेत, काडतूस भरण्यासाठी नाहीत. प्रत्येक दारू, प्रत्येक गोळी आणि प्रत्येक रायफल यांचे प्रमाण वेगळे असते, आणि ते दारू बनवणाऱ्याने प्रयोगशाळेत दाब मोजून छापलेल्या तक्त्यातूनच घ्यायचे असते.

आता कोणी म्हणेल, कमी दारू घातली तर बार स्वस्त पडणारच. त्यात नवल ते काय? हाच न्याय लावून कवचाच्या गोळीलाही थोडी दारू घालावी. इथे शिसे या धातूचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. शुद्ध शिसे इतके मऊ असते की त्यावर नखाने ओरखडा उठतो. ब्रिनेल मापाने त्याचा कठीणपणा ५ च्या आसपास. त्यात कथील आणि अँटिमनी मिसळून ते कठीण करतात. लायमन कंपनीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘नंबर दोन’ मिश्रणात ९० टक्के शिसे, ५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनी असते आणि त्याचा कठीणपणा १५ च्या जवळ जातो. छापखान्यांतून लायनोटाइप यंत्रे निघाली तेव्हा त्यांच्या अक्षरांचा धातू या हौशी लोकांनी पोत्यांनी उचलला, कारण त्यात अँटिमनी भरपूर आणि कठीणपणा २२ पर्यंत. पण कितीही मिसळले तरी ते शिसेच. नळीतल्या पिळदार खाचांनी गोळीला घट्ट पकडून फिरवायचे असते. मागून वायूचा रेटा फार झाला तर गोळी खाचांना न जुमानता सरकते, तिच्या कडेने तप्त वायू निसटतो, शिसे वितळून नळीला चिकटते आणि नेम बिघडतो. वायूचा हा मारा थोपवायला गोळीच्या बुडाला तांब्याची चिमुकली वाटी बसवण्याची युक्ती आयडियल कंपनीच्या जॉन बार्लो यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात काढली. तिने मर्यादा बरीच वर गेली, पण नाहीशी झाली नाही.

ही मर्यादा आकड्यात सांगणारा एक ढोबळ ठोकताळा आहे: ब्रिनेल आकड्याला १,४२२ ने गुणले की ते मिश्रण साधारण किती दाबाला दबू लागेल हे पौंड प्रति चौरस इंचात कळते. कठीणपणा १५ असेल तर उत्तर येते एकवीस हजारांच्या थोडे वर. .३०-०६ काडतुसाची अमेरिकी प्रमाण मर्यादा ६०,००० आहे. जाणकार नेमबाज हा ठोकताळा पाळतात असे नाही. वंगण चांगले असले, गोळी नळीच्या मापाची असली तर ते सर्रास त्याच्या पुढे जातात, आणि ते बरोबरही असते. तरी मुद्दा उरतोच. शिशाच्या गोळीला त्या काडतुसाची जेवढी ताकद आहे तेवढी नकोच असते. सेकंदाला साडेआठशे मीटरच्या आसपास जाणाऱ्या कवचाच्या गोळीऐवजी ही गोळी साडेचारशे-पाचशे मीटरने जाते, आणि कागदी लक्ष्यावर शंभर-दोनशे मीटरपर्यंत तेवढा वेग पुष्कळ झाला. म्हणजे कमी दारू घालणे ही इथे मन मारून केलेली काटकसर नाही. धातूच ती मागतो. कवचाच्या गोळीसाठी पैसे मोजून तिला हळू उडवणारा माणूस मोजलेल्या पैशाचा अर्धा उपयोग सोडून देतो.

पण थोडी दारू म्हणजे कोणतीही दारू थोडी, असे नव्हे. चुलीत चिपाडे भसकन पेटून विझतात आणि बाभळीचा ओंडका तासभर धुमसतो. दारूच्या जाती अशाच झटपट ते संथ या क्रमाने लावता येतात. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून पहिली यशस्वी धूरविरहित दारू बनवली. तेव्हापासून सगळी कारागिरी दाण्याच्या आकारावर, जाडीवर आणि त्यावर चढवलेल्या लेपावर झाली आहे, कारण त्यांनीच जळण्याचा वेग ठरतो. पिस्तूल आणि छऱ्यांच्या बंदुकीची दारू पातळ चकत्यांची, झटपट जळणारी. मोठ्या रायफलची दारू जाड नळकांड्यांची किंवा गोल दाण्यांची, संथ. संथ दारूची खोड अशी की तिला नीट जळायला दाब लागतो. हलक्या गोळीमागे ती थोडीशी घातली तर अर्धी जळते, अर्धी न जळलेले दाणे होऊन नळीत आणि यंत्रात पसरते, आणि बाराबाराला वेग बदलतो. अति संथ दारू मोठ्या पुंगळीत छापील किमानापेक्षा कमी भरली असता अचानक भयंकर दाब चढून रायफल फुटल्याच्या नोंदी आहेत. त्याचे नेमके कारण काय यावर तज्ज्ञांचे एकमत नसले तरी ‘कमी म्हणजे सुरक्षित’ ही समजूत मात्र तिथे साफ चुकते. याला ठळक अपवाद एच ४८९५ या दारूचा. तिच्या छापील कमाल मापाच्या साठ टक्क्यांपर्यंत खाली यायला ती विकणारी हॉजडन कंपनी स्वतःच परवानगी देते. नवख्या माणसाला एकच दारू घेऊन कवचाची आणि शिशाची, दोन्ही प्रकारची काडतुसे भरायची असतील, तर हा डबा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, जरी बाराच्या हिशेबात तो सर्वांत स्वस्त नाही.

सर्वांत स्वस्त ठरतात त्या छऱ्यांच्या बंदुकीसाठी बनवलेल्या दारू. रेड डॉट १९३० च्या दशकातली; युनिक तर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरची. दोन्ही मुळात रायफलसाठी नव्हत्याच. तरीही शिशाच्या गोळीच्या जुन्या तक्त्यांत युनिक सतत भेटते, आणि सी. ई. हॅरिस या अमेरिकी तंत्रलेखकाने रेड डॉटचे एकच हलके माप बऱ्याच जुन्या लष्करी रायफलींना सरसकट चालते असे मांडल्यावर ते माप या मंडळींत जवळजवळ म्हणीसारखे पसरले. लोकप्रियतेचे कारण उघड आहे. ही दारू कमी दाबालाही पूर्ण जळते, थोडी लागते, पुंगळीवर ताण येत नाही म्हणून पितळ जास्त वेळा वापरता येते, आणि छऱ्यांच्या बंदुकीचा खप प्रचंड असल्याने ती मोठ्या डब्यांत मिळते. रायफलवाला इथे दुसऱ्याच्या बाजारपेठेचा फायदा उपटतो.

यावरचा पहिला जबरदस्त आक्षेप इतिहासातूनच येतो. स्वस्त दारूची सगळ्यांत मोठी लाट लष्कराच्या शिल्लक मालातून आली, आणि तो माल बहुतेक संथ रायफल दारूचा होता. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकी सरकारकडे डोंगरभर दारू उरली. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी आयुर्विम्यावर कर्ज काढून त्यातली ५०,००० पौंड ४८९५ दारू उचलली, ही .३०-०६ ची लष्करी दारू. भाड्याच्या कुरणात आणून ठेवलेला रेल्वेचा जुना डबा हे त्यांचे पहिले कोठार, आणि ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकातली एक इंचाची जाहिरात हा त्यांचा पहिला प्रचार. आज अमेरिकेतला दारूचा मोठा व्यवसाय असलेली कंपनी अशी शिल्लक मालावर उभी राहिली. पुढच्या काळात डब्ल्यूसी ८६० आणि ८७२ यांसारख्या, जड मशीनगन आणि तोफांच्या काडतुसांसाठीच्या गोल दाण्याच्या दारू अशाच स्वस्तात बाजारात आल्या आणि शिशाची गोळी ओतणाऱ्यांनी त्या आनंदाने घेतल्या. त्यांचा युक्तिवाद असा: दारू इतकी संथ आहे की पुंगळी काठोकाठ भरली तरी दाब चढत नाही, दुप्पट भरण्याची भीतीच उरत नाही, आणि भाव तर मातीमोल.

युक्तिवाद खोटा नाही; त्याचा काळ मात्र सरला. पुंगळी भरून ५० ग्रेन घालायची आणि तरीही बार सात सेंटच्या आत बसवायचा, तर त्या दारूचा पौंड साडेनऊ डॉलरच्या जवळपास मिळाला पाहिजे. शिल्लक माल ढिगाने होता तेव्हा हे जमत असे. पंधरा डॉलर पडू लागले की बार दहा सेंटच्या पुढे जातो आणि स्वस्ताईचे सोंग गळून पडते. शिवाय शिल्लक मालाचा एक छुपा खर्च असतो. लष्करी दारूचा एक घाणा दुसऱ्यासारखा असेलच असे नाही. कारखाने प्रत्येक घाण्याला दाब मोजून वेगळे माप ठरवत. दुकानातल्या डब्यातली दारू मात्र मिश्रणे करून दर वेळी सारख्या वेगाची ठेवलेली असते, म्हणूनच तिला छापील तक्ता लागू पडतो. जुनी काडतुसे फोडून काढलेल्या दारूचे तर मूळही सांगता येत नाही. नळीत अडकलेले अर्धे दाणे पुसत बसण्याचा वेळ धरला नाही तरी, ज्या दारूचा तक्ताच नाही ती मी कोणत्याही भावाला स्वस्त म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि झटपट दारूचे कौतुक करणारे तो घाईघाईने उरकतात. मोठ्या पुंगळीत चिमूटभर दारू घातली की तीनचतुर्थांश पुंगळी रिकामी राहते. त्यात चुकून दुसऱ्यांदा माप पडले तर बाहेरून काही कळत नाही, आणि झटपट दारूचे दुप्पट माप म्हणजे चांगली रायफल आणि कधी कधी चेहराही गमावण्याची हमी. चार सेंट वाचवून जीव धोक्यात घालायचा का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला ‘लक्ष द्या’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण शंभरावी पुंगळी भरताना प्रत्येकाचे लक्ष उडते. उत्तर दारूच्या निवडीत शोधावे लागते. झटपट दारूंमध्येही काही दाट असतात, काही फुसफुशीत. गोल दाण्याच्या दाट पिस्तूल-दारूचे एक माप मोठ्या पुंगळीच्या तळाशी जेमतेम दिसते. दोन मापेही डोळ्यांना फारशी वेगळी वाटत नाहीत. रेड डॉटसारखी चकत्यांची दारू तेवढ्याच वजनाला कितीतरी जास्त जागा घेते, दुप्पट पडली तर पुंगळीच्या खांद्याजवळ येऊन डोळ्यांत भरते, आणि तिसरे माप बाहेर सांडते. सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून, गोळ्या बसवण्याआधी दिवा धरून आत पाहायचे, ही जुनी सवय फुसफुशीत दारूबरोबरच कामाला येते. म्हणून निवडीत वजनाच्या भावाइतकाच आकारमानाचा विचार हवा, आणि दोन दारूंच्या भावात एखाद-दुसऱ्या सेंटाचा फरक असेल तर जास्त जागा घेणारी दारू घ्यावी, याबद्दल मला शंका नाही.

हाच विचार टोकाला नेऊन हॉजडनने ट्रेल बॉस नावाची दारू आणली. मेदूवड्यासारखे मधोमध भोक असलेले तिचे दाणे ऑस्ट्रेलियात तयार होत. ती इतकी फुलारलेली की एक पौंडाच्या डब्यात नऊ औंसच मावे, त्यामुळे चिठ्ठीवरचा भाव इतर डब्यांसारखा दिसला तरी प्रत्यक्षात पौंडाचा भाव पावणेदोनपट पडे. सुरक्षिततेची किंमत इतकी उघड छापलेली दुसरीकडे पाहायला मिळत नाही. तीही गेली काही वर्षे दुकानांतून गायब आहे. एक अडचण मात्र फुसफुशीत दारूनेही पुरती सुटत नाही. अर्धी पुंगळी रिकामी असली की दारू कधी प्रायमरकडे सरकते, कधी गोळीकडे, आणि त्याप्रमाणे बार कमी-जास्त होतो. प्रत्येक बाराआधी रायफलचे तोंड वर करून हळूच खाली आणायचे, हा त्यावरचा फुकटचा उपाय. पुंगळीत कृत्रिम धाग्याचा बोळा घालून दारू जागेवर ठेवणारेही आहेत. त्याने दाब बदलतो आणि काही रायफलींत काडतूस बसते त्या भागाला वळे पडल्याच्या तक्रारी जुन्या आहेत, तेव्हा तक्त्यात बोळा सांगितलेला नसेल तर तो नको.

तिसरा आक्षेप हिशेबनिसाचा. २०२० च्या आधी रायफलचा प्रायमर तीन-चार सेंटला मिळे. नंतरच्या टंचाईत त्याचे भाव दुप्पट-तिप्पट झाले आणि पूर्वीच्या पातळीला परतले नाहीत. गाडीच्या चाकांना लावायचे शिशाचे तुकडे, जे टायरवाल्याकडून बादलीने मिळत आणि गोळ्या ओतायला उत्तम असत, त्यांची जागा जस्ताने आणि पोलादाने घेतली. वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी तर त्यांवर बंदीच घातली. प्रायमर, शिसे, तांब्याची वाटी हे सगळे महागल्यावर दारूतले दहा-वीस सेंट कुरतडण्यात काय हशील? मला हे उलटे वाटते. प्रायमरचा भाव आपल्या हातात नाही. एका बाराला एक प्रायमर लागणारच, त्यात घासाघीस नाही. दारू हा एकच घटक असा की ज्याचे प्रमाण निवडीवर अवलंबून असते. प्रायमर आठ सेंटचा धरला, तर झटपट दारूचा बार प्रायमरसकट पंधरा सेंटला पडतो आणि संथ दारूचा साडेछत्तीसला. बाकीचे सगळे महागले म्हणून ही दुपटीहून मोठी दरी बुजत नाही.

उपलब्धतेचा प्रश्न मात्र माझ्या हिशेबाला खरोखर छेद देतो. दारूचा कच्चा माल नायट्रोसेल्युलोज, आणि त्याचा कच्चा माल कापूस. तोही लांब धाग्याचा नव्हे, सरकीला चिकटून राहिलेले आखूड तूस. युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यापासून तोफगोळ्यांची मागणी इतकी वाढली आहे की नायट्रोसेल्युलोजची जगभर चणचण आहे, आणि हौशी माणसाच्या एक पौंडाच्या डब्याचा क्रम साहजिकच शेवटचा लागतो. रेड डॉट, युनिक यांसारखी जुनीजाणती नावे दुकानात महिनोन्‌महिने न दिसणे त्यामुळे नवलाचे राहिलेले नाही. जी दारू मिळतच नाही तिचा बाराचा भाव काढून उपयोग काय? म्हणून एका नावावर जीव टाकण्यापेक्षा कोणत्या वर्गाची दारू हवी ते ठरवावे: झटपट, फुसफुशीत, आणि आपल्या काडतुसासाठी शिशाच्या गोळीचा छापील तक्ता असलेली. या वर्गात तीन-चार नावे तरी असतात. फक्त एकीचे माप दुसरीला लावायचे नाही. जळण्याच्या वेगाचे जे क्रमवार तक्ते छापले जातात त्यांत शेजारी बसलेल्या दोन दारू अदलाबदल करण्याजोग्या असतात असे मुळीच नाही. आयएमआर ४८९५ आणि एच ४८९५ यांचा क्रमांक एक, घराणे एक, तरी मापे वेगळी. याउलट डब्ल्यू २३१ आणि एचपी-३८ ही दोन नावे, दोन डबे, पण आत एकच दारू. डब्ल्यू २९६ आणि एच ११० यांचेही तसेच. विंचेस्टरच्या नावाची दारू विकण्याचा परवाना हॉजडनकडे गेल्यापासून या जोड्या एकाच छपराखाली आहेत. अशा जोडीतला जो डबा त्या दिवशी स्वस्त असेल तो उचलावा, इतकी बिनधोक काटकसर या छंदात दुसरी नाही.

नेमाचे काय, हा शेवटचा आक्षेप स्पर्धकांचा. शिशाच्या गोळीच्या स्पर्धा भरवणारी ‘कास्ट बुलेट असोसिएशन’ १९७० च्या दशकापासून चालू आहे, आणि तिथले चांगले नेमबाज अनेकदा मध्यम संथ दारूच वापरतात. कठीण मिश्रणाची, वाटी बसवलेली, नळीच्या मापाला हजारांश इंचापर्यंत जुळवलेली गोळी मध्यम दारूच्या सावकाश चढणाऱ्या दाबाने हळुवार खाचांत शिरते, आणि जास्त वेगाला कमी बिघडते. दोनशे यार्डांवर वाऱ्यात तो वाढीव वेग कामाला येतो. हे मी मान्य करतो. पण या माणसाची गरज वेगळी आहे. तो वर्षाला मोजके बार काढतो, प्रत्येक गोळी तोलतो, आणि त्याचा खर्च दारूपेक्षा नळ्या आणि दुर्बिणी यांत जास्त जातो. शनिवारी सकाळी शंभर यार्डांवर शंभरेक बार काढणाऱ्या माणसाच्या नेमातला दोष दारूच्या वेगाने फारसा ठरत नाही. गोळी नळीपेक्षा किंचित बारीक असणे, वंगण वाईट असणे आणि खांदा दुखून डोळे मिटणे हीच त्याची खरी दुखणी. यांपैकी शेवटच्या दुखण्यावर हलके माप हेच औषध आहे. .३०-३० सारख्या लहान पुंगळीत तर हा वादच सौम्य होतो, कारण रिकामी जागाच कमी आणि मध्यम दारूचेही माप आटोपशीर.

राहता राहिला प्रश्न किती घ्यायची याचा. दारू घरपोच मागवली की प्रत्येक पार्सलमागे धोकादायक मालाचे वेगळे शुल्क लागते, ते एक पौंडावरही तेवढेच आणि आठ पौंडांवरही तेवढेच. म्हणून एक डबा घरपोच मागवणे हा शुद्ध तोटा. तो दुकानातूनच घ्यावा, वापरून पाहावा, आणि आपल्या रायफलला मानवला तरच आठ पौंडांचा मोठा डबा, शक्यतो एकाच घाण्याचा, मागवावा. अमेरिकेतली अग्निसुरक्षेची प्रमाण नियमावली घरात मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत दारू ठेवू देते. त्यापुढे ५० पौंडांपर्यंत एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत. पेटी लाकडीच, कारण आग लागली तर लाकूड दाब कोंडून धरत नाही, लोखंडी तिजोरी धरते. जुनी दारू सडते तेव्हा आंबट, तिखट वास सुटतो आणि तांबूस पूड दिसते; तशी दारू टाकूनच द्यावी लागते. बारा ग्रेनच्या हिशेबाने आठ पौंडांत साडेचार हजारांहून जास्त बार होतात. महिन्याला शंभर बार काढणाऱ्याला ते जवळजवळ चार वर्षे पुरतात, आणि तेवढ्यात त्याच्याकडचे शिसे बहुधा आधी संपलेले असते.